निळी-पांढरी सोलापुरी चादर: निळ्याआधी पांढरं सूत तपासा

चादरीच्या दुकानात निळा-पांढरा जोड समोर आला की गिऱ्हाईक निळ्याकडे बघतं. हा नेव्ही बरा की तो रॉयल, आकाशी घेऊ की मोरपंखी, यातच पंधरा मिनिटं जातात. घरी आणल्यावर सहा महिन्यांत चादर जुनाट वाटायला लागते तेव्हा मात्र बहुतेक वेळा निळा जागेवरच असतो, बिघडलेलं असतं ते पांढरं. कुठे पिवळट झालेलं, कुठे राखाडी पडलेलं, कुठे निळ्याचा डाग ओढून घेतलेलं. म्हणून या जोडाची परीक्षा पांढऱ्यापासून करायची. पांढरं उत्तम आणि निळा साधारण असलेली चादर वर्षानुवर्षं देखणी राहते. उलट असलेली चादर पहिल्या उन्हाळ्यातच उतरते.

आधी गुण सांगतो, कारण ते मोठे आहेत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि ज्या विणीमुळे तिचं नाव झालं ती विण निळ्या-पांढऱ्यात जितकी खुलते तितकी दुसऱ्या कुठल्या जोडात खुलत नाही. नक्षी छापलेली नसते. आधी सूत रंगवतात, मग जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या, मागावर दोन रंगांची सुतं जागा बदलत जातात. एका अंगाला निळ्या जमिनीवर पांढरी फुलं असतील, तर दुसऱ्या अंगाला पांढऱ्या जमिनीवर निळी. म्हणजे एकाच चादरीत दोन खोल्या सजतात. चैत्र-वैशाखात पांढरं अंग वर घ्यावं, खोली मोकळी आणि थंड वाटते. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, थंडीत, निळं अंग वर घ्यावं, खोली भरलेली दिसते. दुसरी चादर विकत घ्यावी लागत नाही. पश्चिमेच्या खिडकीला तात्पुरता पडदा म्हणून लावायची वेळ आलीच तर पांढरं अंग काचेकडे ठेवा. ऊन परत फिरतं आणि निळा कमी विटतो.

आता पांढरं. दुकानात तीन प्रकारचं पांढरं सूत भेटतं आणि तिन्हीला ‘व्हाइट’च म्हणतात. पहिलं कोरं, म्हणजे ब्लीच न केलेलं. त्यात कापसाचा मूळ दुधाळ, किंचित पिवळसर रंग असतो, आणि जवळून बघितलं तर सरकीच्या टरफलाचे बारीक तपकिरी ठिपके दिसतात. दुसरं साधं ब्लीच केलेलं, स्वच्छ आणि शांत. तिसरं ब्लीच करून वर चमक आणणारं रसायन दिलेलं, उन्हात निळसर झळाळणारं. ट्यूबलाइटखाली तिन्ही जवळपास सारखी दिसतात. म्हणून चादर दाराशी आणून उजेडात बघायची आणि शेजारी साधा छपाईचा पांढरा कागद धरायचा. कागदाशेजारी कोरं सूत लगेच पिवळं पडतं, चमकवलेलं कागदाइतकंच झळकतं आणि साधं ब्लीच त्या दोघांच्या मध्ये राहतं.

आमची निवड मधल्याची. कोरं सूत वाईट नाही. मातकट निळ्याबरोबर, घोंगडी, ताग, लाकूड अशा वस्तूंच्या संगतीत ते सुरेख बसतं. पण रॉयल ब्लूसारख्या तेज निळ्याशेजारी ते मळकट वाटतं, कारण निळा शेजारच्या पांढऱ्यातला पिवळेपणा उघडा पाडतो. झळाळणारं पांढरं दुकानात सगळ्यांत आकर्षक असतं, पण त्याची चमक धुण्यात आणि उन्हात हळूहळू जाते आणि मग सूत होतं त्याहून पिवळं झाल्यासारखं दिसतं. साध्या ब्लीचचं पांढरं पहिल्या दिवशी डोळ्यांत भरत नाही, पण पन्नासाव्या धुण्यानंतरही तसंच असतं.

निळ्यात छटेपेक्षा रंगाची जात महत्त्वाची. सुती सुतावर निळा मुख्यतः चार वाटांनी येतो. डायरेक्ट रंग स्वस्त असतो आणि पाण्यात सुटतो. निळ्या-पांढऱ्या चादरीत तो चालवूनच घेऊ नये. रिअ‍ॅक्टिव्ह रंग, जे १९५६ पासून बाजारात आहेत, ते सुताशी रासायनिक गाठ मारतात. पण रंगवताना काही रंग गाठ न मारता सुतात अडकून राहतो, आणि तो शेवटी उकळत्या साबणपाण्यात काढून टाकावा लागतो. ही पायरी घाईत उरकली की चांगल्या रंगाचं सूतही पहिली पाच-सहा धुणी निळं पाणी सोडतं. फिरोजी आणि मोरपंखी छटांत हा त्रास जास्त, कारण त्या रंगाचे रेणू मोठे असतात आणि सुतातून लवकर निघत नाहीत. तिसरी वाट व्हॅट रंगांची, सगळ्यात पक्की. त्यातला निळा म्हणजे इंडँथ्रोन, १९०१ साली जर्मनीत रेने बोन यांनी शोधलेला. उन्हाला आणि धुण्याला तो खंबीर आहे, पण क्लोरीनच्या ब्लीचने हिरवट पडतो. पांढरं उजळवायला म्हणून ब्लीच टाकलं आणि निळ्याला हिरवी झाक आली, असं झालं तर चोर तोच. चौथी नीळ, म्हणजे खरी इंडिगो. ती सुताच्या बाहेरच्या थरावर बसते, म्हणून घासली की निघते. तिची चादर नवीन असताना पांढऱ्या उशीशेजारी ठेवू नये. लेबलवरचं ‘इंडिगो’ मात्र अनेकदा नुसतं छटेचं नाव असतं, त्यामागे नीळ असेलच असं नाही.

दुकानात प्रयोगशाळा नसते, पण रुमाल असतो. पांढरा सुती रुमाल ओला करून घट्ट पिळा, बोटाला गुंडाळा आणि निळ्या भागावर एकाच जागी दहा वेळा दाबून घासा. हलकी आकाशी सावली आली तर पहिल्या दोन-तीन धुण्यांत थांबेल. रुमालावर स्पष्ट निळा ठसा उमटला तर ती चादर ठेवून द्या, मग नक्षी कितीही आवडो. सोबत एक प्रश्न विचारायचा: “मालक, सूत रंगवून विणलंय की विणून छापलंय?” छापील माल ओळखायला चादर उलटी करा. मागे नक्षी फिकी आणि रंग तेच असतील तर ती छापील. रंग उलटे आणि दोन्हीकडे सारखेच गडद असतील तर विणलेली.

सुताची खात्रीही करून घ्यावी, कारण पानिपतचा माल सोलापुरी म्हणून बराच खपतो आणि त्यात मिश्रसूत असू शकतं. दशीतला एक निळा आणि एक पांढरा धागा मागून घ्या आणि बाहेर जाऊन पेटवा. कापूस जळताना कागद जळल्याचा वास येतो आणि मागे मऊ करडी राख राहते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर टोकाला कडक मणी राहतो. दोन्ही धागे तपासायला हवेत. निळं सूत शुद्ध आणि पांढऱ्यात भेसळ, असंही असू शकतं.

नक्षीबद्दल आमचं मत ठाम आहे. निळ्या-पांढऱ्यात भौमितिक नक्षी घ्यावी: चौकट, लाटा, कमळाची कोनदार पाकळी, मंदिराच्या शिखराच्या पायऱ्या. सोलापुरी चादरीचं सूत जाड असतं, त्यामुळे गोल रेघ मुळात गोल नसतेच, तिला बारीक पायऱ्या असतात. मरून-काळ्यासारख्या जवळच्या रंगांत त्या दिसत नाहीत. पांढऱ्यावर नेव्ही आला की प्रत्येक पायरी दिसते. मोराची मान, वेलीचं वळण, गुलाबाची कड हे सगळं दातेरी वाटायला लागतं. मोर हवाच असेल तर मोठ्या आकाराचा, निदान हातभर लांब असा घ्या. तेवढ्या आकारात पायऱ्या मिटून जातात.

याच तीव्र फरकामुळे विणीतली खोटही या जोडात लपत नाही. चादर दोघांनी चार टोकांना धरून उजेडासमोर ताणा. उभी सलग फट असेल तर ताण्याची, म्हणजे उभ्या सुताची, तार तुटून तशीच राहिली आहे. रुंदीभर आडवी पातळ किंवा जाड रेघ असेल तर माग थांबून पुन्हा सुरू झाला तेव्हाची ती खूण. एक-दोन आडव्या खुणा चालतील, यंत्रमागावर त्या येतातच. उभी फट चालत नाही, ती वापरात उसवत जाते.

वजन विचारल्याशिवाय भाव विचारू नका. एकेरी चादर ६० × ९० इंचांची धरली तर ती साधारण ३.४८ चौरस मीटर भरते. वजन १ किलो ४०० ग्रॅम असेल तर चौरस मीटरला जवळपास ४०० ग्रॅम. पांघरायला आणि अंथरायला दोन्हीला उत्तम. त्याच मापात १ किलोच्या आसपासची चादर चौरस मीटरला २९० ग्रॅमच्या खालीच राहते. ती बेडवर टाकायला चालेल, पण तिच्यात एका अंगाचा निळा दुसऱ्या अंगाच्या पांढऱ्यातून झिरपल्यासारखा दिसतो आणि पांढरं निळसर-राखाडी भासतं. गडद निळा हवा असेल तर जाड चादरच घ्या. घरचा वजनकाटा आणि टेप पुरेसे आहेत. हातात जड लागते एवढ्यावर जाऊ नका, खळीनेही चादर जड लागते आणि पहिल्या धुण्यात खळ निघून जाते.

माप निवडताना आटण्याचा हिशेब धरायचा. न आटवलेली सुती चादर पहिल्या धुण्यात ५ टक्के सहज कमी होते. ९० × १०० इंचांची दुहेरी चादर ८५ × ९५ वर येते. ७२ इंच रुंद गादीवर तिचा दोन्ही बाजूंना साडेसहा इंच लोंब राहतो. गादी सहा इंचांची असेल तर जेमतेम झाकली जाते, आठ इंचांची असेल तर गादीची खालची कड उघडी दिसते. आजच्या जाड गाद्यांना ही माप-पट्टी अपुरी पडते, आणि ही चादरीची खरी उणीव आहे. आणखी एक गोष्ट होते: रंगवलेलं निळं सूत गरम पाण्यातून आधीच गेलेलं असतं, पांढरं सूत कोरंच वापरलं असेल तर ते नंतर आटतं. दोघांची ओढ सारखी नसते आणि नक्षीच्या कडेला बारीक फुगे येतात. ओली असतानाच चादर चारही बाजूंनी ताणून वाळवली की बहुतेक फुगे बसतात.

घरात हा जोड कुठे शोभतो ते फरशी आणि दिवा ठरवतात. सोलापुरात जुन्या घरांत शहाबादी फरशी आहे, करडी, कुठे निळसर. तिच्यावर रॉयल ब्लू उपरा वाटतो. राखाडीकडे झुकणारा निळा आणि दुधाळ पांढरा त्या फरशीशी लगेच जुळतो. नव्या फ्लॅटमधल्या चकचकीत पांढऱ्या टाइल्सवर बरोबर उलटं: तिथे कोरं सूत पिवळं दिसतं, ब्लीच केलेलं पांढरं आणि स्वच्छ नेव्ही उठून दिसतं. पण पांढरी टाइल, पांढरी भिंत, ६५०० केल्विनचा पांढरा दिवा आणि त्यात निळी-पांढरी चादर असं सगळं जमलं की खोलीला दवाखान्याची कळा येते. दिवा ३०००-४००० केल्विनचा करा आणि खोलीत एक तरी उबदार वस्तू ठेवा: पितळेचा तांब्या, सागाचा पाट, मातीची कुंडी, तागाचं पायपुसणं. अगदी पिवळ्या, २७०० केल्विनच्या दिव्याखाली मात्र नेव्ही काळा दिसतो आणि खर्च केलेला निळा वाया जातो. रात्रीची खोली पिवळ्या दिव्याचीच असेल तर नेव्ही सोडून मधला, उघडा निळा घ्या.

प्रमाणही सांभाळावं लागतं. बेडवर निळं अंग वर असेल तर उशा, पडदे, भिंत पांढऱ्याकडे ठेवा. सगळीकडे अर्धं-अर्धं निळं-पांढरं झालं की डोळा कुठेच टेकत नाही. उशांना त्याच नक्षीचे अभ्रे घालू नका. बारीक निळी रेघ किंवा सपाट निळा पुरे. काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात दाराखिडक्यांतून येतेच, ती सपाट पांढऱ्यावर संध्याकाळपर्यंत दिसते, बारीक चौकटीवर दिसत नाही. बाहेरच्या खोलीत, दिवाणावर, म्हणून चौकट. आतल्या खोलीत मोठं पांढरं.

धुण्यावर सगळं अवलंबून आहे, आणि इथेच सर्वात जास्त चादरी बिघडतात. मीठ, तुरटी किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवली की रंग पक्का होतो, ही समजूत सोडून द्यावी. मीठ रंगवताना रंगाला सुताकडे ढकलतं. रंगवून झालेल्या सुतावर ते कायमची गाठ मारत नाही. सुटणारा रंग सुटणारच, त्याला लवकर बाहेर काढणं एवढंच आपल्या हातात असतं. दीड किलोच्या चादरीला मोठ्या टबात २० लिटर साधं थंड पाणी घ्या, चादर पूर्ण बुडवून दहा मिनिटं हलवत राहा आणि लगेच पिळा. पाणी बदलून पुन्हा तेच. साधारण तिसऱ्या पाण्याला निळेपणा संपायला हवा, म्हणजे ६० लिटर पाणी लागतं. नळाला पाणी काही दिवसांआड येत असेल तर नवीन चादर पाण्याच्या दिवशीच काढा. अर्ध्यावर सोडून ओली चादर बादलीत घडी करून ठेवली की निळा शेजारच्या पांढऱ्यात सरकतो आणि ते डाग सर्वांत चिवट असतात.

डाग पडलाच तर वाळू देऊ नका, इस्त्री तर नाहीच. चादर ओली असतानाच ६० अंशांच्या पाण्यात डिटर्जंट टाकून पुन्हा धुवा, भरपूर पाण्यात, एकटीच. बऱ्याचदा पांढरं परत मिळतं. क्लोरीन ब्लीचला हात लावू नका. ऑक्सिजनवाली ब्लीच पावडर आधी कोपऱ्यावर वापरून बघा आणि निळा टिकला तरच पुढे जा.

बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असले की साबणाच्या वडीचा चिकट साका सुतावर बसतो आणि पांढरं राखाडी पडतं. त्या पाण्यात वडीऐवजी पावडर किंवा लिक्विड वापरा आणि २० लिटरच्या बादलीत डिटर्जंटच्या आधी एक चमचा धुण्याचा सोडा विरघळवा. नीळ द्यायची तर फक्त ब्लीच केलेल्या पांढऱ्याला, अर्ध्या बादलीत चार-पाच थेंब, आधी नीट ढवळून. कोऱ्या सुताला नीळ देऊ नका. त्याच्या पिवळ्यावर निळीचा थर बसला की रंग मेल्यासारखा होतो.

वाळवणं सकाळी करावं. एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हाने पांढरं खुलतं, पण निळा विटतो, आणि दोरीवर पडणारी मधली रेघ आधी विटते. सकाळी आठच्या सुमारास पांढरं अंग वर करून घाला, दहाला उलटा, बाराच्या आत आत घ्या. घडी दर वेळी थोडी सरकवून टाका.

टॉवेलचं थोडक्यात. सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे आणि निळ्या-पांढऱ्यात तो चादरीइतकाच चांगला दिसतो, पण वापरात थोडा कमी पडतो. लूप उभे असल्यामुळे पांढऱ्या लूपांना निळ्याची सावली लागते आणि नक्षीच्या कडा महिन्याभरात मऊ होतात. ३० × ६० इंचांचा टॉवेल ४५० ग्रॅमच्या आसपास असेल तर चौरस मीटरला ३९० ग्रॅमच्या जवळ जातो. आपल्या हवेत वाळायला आणि पुसायला हेच वजन बरं. जाड हॉटेलछाप टॉवेल पावसाळ्यात वाळत नाही आणि पांढऱ्याला कुबट वास धरतो. फॅब्रिक सॉफ्टनर टाळा, लूपांवर थर बसून टॉवेल पाणी ओढेनासा होतो.

चादर कापून अभ्रे, जॅकेट, पिशव्या शिवण्याची पद्धत आता रुळली आहे आणि या जोडाचं तेज तिथे फार सुंदर दिसतं. मात्र आधी धुऊन आटवून घ्या, मगच कात्री लावा. ६० × ९० ची चादर धुतल्यावर ५७ × ८५ इंच धरा. १६ इंची अभ्र्याला पुढचा तुकडा १८ × १८ आणि मागचे दोन १८ × १२, म्हणजे एकूण १८ × ४२. रुंदीत तीन आणि लांबीत दोन, असे सहा अभ्रे बसतात. प्रत्येकाच्या मधोमध फूल यायला हवं असेल तर चारच बसतील, बाकी वाया. या विणीच्या कापलेल्या कडा लगेच सुटतात, म्हणून कापताक्षणी ओव्हरलॉक मारा आणि शिवणीला निदान अर्धा इंच सोडा. मशीनला १६ नंबरची सुई लावा. बारीक सुई जाड जागी वाकते. निळ्या अंगाचे चार आणि पांढऱ्या अंगाचे दोन अभ्रे शिवले तर सोफ्यावर आपोआप प्रमाण साधतं.

भिंतीवर लावायच्या विणलेल्या चित्रांचं तेवढं या दोन रंगांत जमत नाही. चेहऱ्याला सावलीच्या मधल्या छटा लागतात, दोन सुतांत त्या मिळत नाहीत. नुसती नक्षी असेल तर घ्या.

सोलापुरात खरेदीसाठी चाटी गल्ली आणि नवी पेठ ठीक आहेत, पण एकाच नक्षीची पाच-सहा वजनं आणि छटा बघायच्या असतील तर अशोक चौकाकडे, पूर्व भागात, कारखान्याला लागून असलेल्या विक्रीच्या खोल्यांत जा. सकाळी जा, चादर दाराशी आणून बघता येते. एकाच रंगाच्या दोन चादरी हव्या असतील तर एकाच लॉटच्या मागा. पुढच्या खेपेचा निळा कधीच तंतोतंत जुळत नाही, आणि शेजारी-शेजारी दोन पलंगांवर तो फरक लांबूनही दिसतो.

उन्हाळ्यात गडद अंग नको म्हणून चादर कपाटात जाणार असेल तर दुकानच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. आतली दमट हवा अडते आणि काही प्लास्टिकमधल्या रसायनानेही पांढरं सूत घड्यांवर पिवळं पडतं. पूर्ण वाळवा, खळ न देता निळं अंग आत आणि पांढरं बाहेर अशी घडी घाला, जुन्या धुतलेल्या धोतरात किंवा सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा, आणि दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या रेघेवर घाला.